बोर्ड मधे फुगतो आणि ड्रिलसोबत वर येतो, काय करू?

प्रश्न: सर नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहतो. घरी छोटं ३०१८ सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं खोदाईचं मशीन) घेतलंय, त्यावर पीसीबी (तांब्याच्या ट्रॅकचा सर्किट बोर्ड) काढायला बघतोय पण बोर्ड काही नीट धरला जात नाही. चार क्लॅम्पनी कोपरे आवळले, ऑटो लेव्हल (बोर्डाची उंची प्रोबने जागोजागी मोजून खोली जुळवणं) पण केलं, कोपरे त्याने सुधारले पण मधल्या बारीक ट्रॅकच्या कडा फाटक्या येतात, काही ट्रॅक तर उडूनच जातात, आणि ड्रिल वर येताना बोर्ड टक् करून उचलला जातो. अंबडला मित्राच्या कारखान्यात व्हॅक्युम बेड (खालून हवा ओढून बोर्ड धरणारा) आहे, तसंच घरी व्हॅक्युम क्लीनर जोडून जमेल का? पुढे दोन बाजूंचा बोर्ड पण करायचाय, तो उलटवून परत जागेवर कसा बसवायचा?

उत्तर: आधी ते क्लॅम्प काढून ठेवा, निदान या कामापुरते तरी. पीसीबी खोदताना बिटाचा आडवा जोर फारच कमी असतो, बोर्ड सरकेल अशी भीती धरायचं कारण नाही, खरी अडचण सपाटपणाची आहे. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा साधारण तिसावा भाग, आणि कोपरे आवळले की दीड मिलिमीटरचा बोर्ड मधे त्याच्या कितीतरी पट वर येतो. त्यात आपलं व्ही बिट, म्हणजे निमुळत्या टोकाचं, जितकं खोल जाईल तितकी रेघ रुंद. ६० डिग्रीचं ०.१ टोकाचं बिट ०.१ मिमी खोल गेलं तर रेघ साधारण ०.२२ येते, तेच ०.२ खोल गेलं की ०.३३, मग बारीक ट्रॅक उरणार कुठून? ३० डिग्रीचं बिट घेतलं तर हा फरक अर्ध्यावर येतो, टोक मात्र नाजूक असतं.

आता ऑटो लेव्हल केलं तरी का बिघडतं, हे नीट समजून घ्या कारण इथेच बरेच जण अडकतात. प्रोब टेकतो तेव्हा बोर्ड शांत असतो, ती उंची सॉफ्टवेअर लिहून घेतं. पण खाली पोकळी असेल तर खोदताना तोच बोर्ड थरथरतो, दबतो, परत वर येतो, आणि त्याचा हिशोब कुठल्याच मॅपमधे नसतो. तुमच्या फाटक्या कडा त्यामुळेच. म्हणून बोर्ड पाठीमागून सगळा चिकटलेला पाहिजे, पोकळी कुठेच नको.

सुरुवात बेडपासून करा. ॲल्युमिनियमच्या बेडवर एमडीएफचा तुकडा स्क्रूने पक्का बसवा, स्क्रूची डोकी आत गेलेली पाहिजेत, आणि कॉलेटात (बिट धरणाऱ्या पकडीत) बसेल ते सगळ्यात रुंद सपाट बिट लावून त्याच मशीनवर ०.२-०.३ मिमी वरून साफ करून घ्या, म्हणजे तो पृष्ठभाग मशीनच्या चालीशी जुळतो. आपल्याकडे पावसाळ्यात एमडीएफ दमट होऊन फुगतो, तेव्हा जून ते सप्टेंबर हे काम अधूनमधून परत करावंच लागतं, कंटाळा करू नका.

मग चिकटवायचं. डबल साइड टेप वापरत असाल तर पातळ घ्या, फोमचा अजिबात नको, तो स्पंजसारखा दबतो आणि सगळी मेहनत वाया. पट्ट्या शेजारी शेजारी लावायच्या, एकीवर एक चढली की तिथे उंचवटा आलाच. मला स्वतःला मास्किंग टेप आणि फेविक्विक हा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो: एक टेप बेडवर, एक बोर्डाच्या पाठीवर, दोन्ही जुन्या एटीएम कार्डाने दाबून घासायचे, मधे फेविक्विकची नागमोडी रेघ, बोर्ड ठेवून सगळीकडून सारखा दाबून धरायचा. टेप लावायच्या आधी दोन्ही जागा पुसून कोरड्या करा, एमडीएफच्या भुकटीवर टेप टिकत नाही. असा बोर्ड ड्रिलसोबत वर येत नाही आणि शेवटी बाहेरची कड कापताना टॅब (बोर्ड धरून ठेवायला न कापता सोडलेले तुकडे) ठेवायचीही गरज पडत नाही, १.६ चा बोर्ड असेल तर १.८ पर्यंत तीन-चार पासमधे जा. काढताना एक कोपरा धरून ओढू नका, पेपर फिनोलिकचा तपकिरी बोर्ड तर तडकतोच. हेअर ड्रायरने जरा गरम करा आणि पेंटर लांबी भरतात ती पातळ पट्टी खालून हळूहळू सरकवा.

चिकटवल्यावर मगच प्रोब करा, साधारण १० मिमी अंतराने.

व्हॅक्युमचं म्हणाल तर घरी नको. भोकं पडली की हवा आत घुसते, पकड सुटते, आणि बऱ्याच घरगुती क्लीनरची मोटर ओढलेल्या हवेनेच थंड होते, तोंड बंद ठेवून तास-दोन तास चालवली तर जळेल. तो क्लीनर भुकटी ओढायला वापरा, बारीक फिल्टर असेल तरच, आणि ग्लास इपॉक्सीचा बोर्ड असेल तर एन ९५ मास्क लावाच. ती काचेच्या तंतूंची धूळ आहे, फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. घरात लहान मुलं असतील तर ते फडकं लगेच बाजूला टाका.

दोन बाजूंच्या बोर्डाला दोन पिना पुरतात. तुटलेल्या पीसीबी ड्रिलच्या दांड्या फेकू नका, त्या ३.१७५ मिमीच्या एकसारख्या असतात, पिना म्हणून झकास चालतात. ज्या रेषेवर बोर्ड उलटवणार त्याच रेषेवर, डिझाइनच्या बाहेर, दोन भोकं बोर्डातून थेट एमडीएफमधे ५-६ मिमी पाडा, भोक कोणत्या ड्रिलने घट्ट बसतं ते आधी भंगार तुकड्यावर बघा. पहिली बाजू खोदून झाली की बोर्ड काढा, जुना टेप खरवडून नवीन लावा, पिना बसवून बोर्ड उलटा दाबा. दुसऱ्या बाजूचा जी-कोड (मशीनला दिलेल्या सूचनांची फाइल) त्याच रेषेवर मिरर केलेला हवा, एक्स-वायचं शून्य अजिबात हलवायचं नाही, झेड आणि प्रोबिंग मात्र नव्याने. बाकीची भोकं आणि बाहेरची कड दुसरी बाजू खोदून झाल्यावरच.