पासवर्ड बरोबर आहे, तरी ‘चुकीचा’ का म्हणतोय?

प्रश्न : सर, आमचं टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे. कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर ‘डाटा’ नावाचा फोल्डर शेअर केलाय, सगळ्या क्लायंटच्या फाइली त्यातच आहेत. इतकी वर्षं कधी पासवर्ड विचारला नाही. आता विंडोज ११ प्रो असलेला नवा लॅपटॉप घेतला, तर त्यावरून फोल्डर उघडायला गेलं की आधी सिक्युरिटी पॉलिसीचा कसला तरी मेसेज येतो, मग ‘एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स’ असा चौकोन. मी माझा पिन टाकला, ईमेलचा पासवर्ड टाकला, जुन्या पीसीचा पिन पण टाकला, दरवेळी चुकीचा म्हणतोय. बाकीच्या तीन विंडोज १० मशीनवर मस्त चालतंय. मुदत जवळ आलीय, सध्या पेन ड्राइव्हवर काम चाललंय. — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी ते पेन ड्राइव्हचं थांबवा, कारण एकाच क्लायंटच्या फाइलीच्या दोन कॉप्या होतात आणि ताजी कुठली हे दोन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

आता चौकोनाचं. तो चौकोन कोपऱ्यातल्या पीसीवरचं खातं विचारतोय. म्हणजे ज्याच्या दारात तुम्ही उभ्या आहात त्याच्या वहीत ज्यांची नावं आहेत त्यातलं एक नाव आणि त्या नावाचा पासवर्ड, तुमच्या लॅपटॉपवर तुम्ही कोण आहात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि पिन तर कुठल्याच बाजूचा चालणार नाही, विंडोजचा पिन ज्या मशीनवर सेट केला त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून दुसऱ्या पीसीत शिरायला तो वापरताच येत नाही. माझ्याकडे या विषयाची जेवढी पत्रं येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी सगळ्यात आधी पिनच टाकलेला असतो, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही, रोज सकाळी पिन टाकूनच मशीन उघडतं तर माणूस दुसरं काय टाकणार?

बाकीच्या तीन मशीनवर चालतंय ते का, हे समजून घ्या. शेअर फोल्डरवर डबल क्लिक केलं की विंडोज आधी तुम्हाला न विचारता गुपचूप तुम्ही लॉगिन केलेलं नाव आणि पासवर्डच समोर दाखवून बघतं. समोरच्या पीसीवर त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं असेल तर तुम्ही सरळ आत. नसेल, आणि त्या पीसीवर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ (शेअर फोल्डर उघडायला नाव-पासवर्ड मागणारी सेटिंग) कुणीतरी कधीकाळी बंद करून ठेवलं असेल, तर तो पीसी म्हणतो बरं, पाहुणा म्हणून ये. तुमची तीन मशीन अशी गेस्ट म्हणून आत जातायत. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन आलं आणि त्यात प्रो मध्ये दोन गोष्टी बदलल्या : असं गेस्ट म्हणून आत जाणं बंद झालं, आणि समोरच्याशी होणारा प्रत्येक संवाद डिजिटल सहीनिशीच व्हायला हवा हे सक्तीचं झालं. ही सही करायला जी किल्ली लागते ती लॉगिनच्या वेळी पासवर्डवरून बनते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. तेव्हा तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही, तो त्या दारातून पाहुणा म्हणून जायला नकार देतोय.

नेटवर शोधलंत तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम बदलायची जागा) जाऊन गेस्ट लॉगिन परत चालू करा, सहीची सक्ती काढून टाका, असा उपाय लगेच मिळेल. चालतो तो, पाच मिनिटांत होतो. पण कृपा करून करू नका. त्या फोल्डरमध्ये लोकांचे पॅन आहेत, बँक स्टेटमेंट आहेत, आज तुमच्या वायफायचा पासवर्ड ज्याला माहीत आहे तो कुणीही मोबाइलवरून तो फोल्डर उघडू शकतो, आणि एखाद्या मशीनवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर त्याला आत जायला कुणाला विचारावंही लागणार नाही. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते.

त्यापेक्षा असं करा. जुन्या पीसीवर सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग अदर युजर्समध्ये (विंडोज १० वर ‘फॅमिली अँड अदर युजर्स’) जाऊन ऑफिसमधल्या प्रत्येक माणसासाठी एकेक साधं लोकल खातं काढा. तिथे विंडोज ईमेल मागेल, ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि पुढे ‘विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडलं की झालं. ॲडमिन करू नका. मग डाटा फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, आणि तिथलं साधं ‘शेअर’ बटण, त्यात ही नावं घालून रीड/राइट द्या आणि यादीत ‘एव्हरीवन’ असेल तर ते काढा. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून केलंत तर फक्त शेअरची परवानगी बदलते, सिक्युरिटी टॅबमधली वेगळी द्यावी लागते, आणि मग लॉगिन होतं पण फाइल सेव्ह होत नाही असा नवा ताप सुरू होतो. सगळ्यात शेवटी पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा.

आता लॅपटॉपवर. चौकोनात नुसतं नाव टाकू नका, आधी जुन्या पीसीचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव, म्हणजे पीसीचं नाव ‘ऑफिसपीसी’ आणि खातं ‘सीमा’ असेल तर ऑफिसपीसी\सीमा असं (अर्थात इंग्रजीत टाइप करून). त्याने कुठल्या मशीनवरची सीमा यात गोंधळ राहत नाही. ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’वर टिक करा. बाकीच्या तीन मशीनवरही हे एकदाच करावं लागेल, तेव्हा संध्याकाळी क्लायंट गेल्यावर सगळं एका बैठकीत उरका.

प्रश्न : घरी नॅस (नेटवर्कवरून फाइली ठेवायचा डबा) आहे, सगळे फोटो त्यावर. मागच्या आठवड्यात पासवर्ड बदलला. मोबाइलवर नवा चालतो, पीसीवर तोच टाकला तरी परत परत विचारतोय. — एक वाचक, मडगाव

उत्तर : दादा, पीसीने जुना पासवर्ड जपून ठेवलाय आणि तोच पुढे करतोय. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये नॅसच्या नावाची आणि आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) अशा दोन्ही नोंदी बघा, दोन्ही उडवा. मग पीसी रीस्टार्ट करा, कारण जुनं कनेक्शन उघडं असेल तर एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या युजरनेमने जोडायला विंडोज तयार होत नाही, एरर १२१९ देतं.

एवढं करूनही नाही झालं तर नॅसच्या ॲडमिन पानावर जाऊन ब्लॉक लिस्ट नक्की बघा. माझ्याच घरी झालेलं सांगतो. पासवर्ड बदलला आणि पीसीवर मॅप केलेला ड्राइव्ह जुन्याच पासवर्डने परत परत धडका देत राहिला, शेवटी नॅसने माझ्या पीसीचा आयपी ब्लॉक केला, आणि मी तासभर बरोबर पासवर्ड टाइप करत बसलो होतो, कागदावर एकेक अक्षर लिहून, कॅप्स लॉक तपासून. मोबाइलचा आयपी वेगळा, म्हणून तो मजेत चालू. यादीतून आयपी काढला आणि पुढच्या सेकंदाला फोल्डर उघडला.

आणि कुणी सांगितलं की विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (फोल्डर शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) चालू कर, तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते त्याच्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून ते काढायला सुरुवात झाली. ज्या नॅसला त्याच्याशिवाय चालतच नाही त्याच्यावरचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा.

प्रश्न : बाबांच्या पीसीला पासवर्डच नाहीये. चौकोनात पासवर्डची जागा रिकामी ठेवली तर घेत नाही, मग टाकू काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज मुळातच नेटवर्कवरून आत घेत नाही, फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसाला चालतं. बाबांच्या खात्याला हात लावू नका, त्यांच्या पीसीवर वर सांगितलं तसं एक वेगळं लोकल खातं पासवर्डसकट काढा आणि फोल्डर त्या खात्याला शेअर करा. फरक एवढाच पडेल की पीसी चालू केल्यावर दोन नावं दिसतील आणि बाबांना आपल्या नावावर एक क्लिक करावं लागेल, हे त्यांना आधी सांगून ठेवा.