कुटं लावू अंगठा?

चि. लेकीस,

तुझा फोन ठेवल्यापासून ओट्यावरच बसलोय. सरपंचपदाला उभी राहू का नको, एवढंच तू विचारत होतीस. पण बोलता बोलता एक गोष्ट तीनदा सांगितलीस: पाटील घरी आले, बाजेवर बसले आणि आपल्या कपात चहा प्यायले. मायनं तो कप अजून विसळला नाही, असं तू हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही. तुझा बाप बावीस वर्षं त्यांच्याकडं सालगडी. एवढ्या वर्षांत पाटलांना आपल्या वस्तीत कधी तहान लागली नाही. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेला सुटलं आणि लागली.

पाटील माणूस वाईट नाही, तुझ्या फीचे पैसे त्यांनी दिले, असं तू म्हणालीस. नसतील वाईट. ज्यांनी मला खोली दिली तेही नव्हते. म्हणून आज तुला उभी राहा किंवा राहू नको, यातलं काहीच सांगत नाही. ते तुझं तू ठरव. मी एकच सांगतो, आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे: वाचल्याशिवाय सही करायची नाही.

मी हे का सांगतोय ते ऐक. बाबासाहेबांनी 1950 साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला मी. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा कॉलेजच्या आवारात, नागसेनवनात घोषणा देणाऱ्यांत होतो. पुढं ग्रामसेवक झालो. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा पेढे वाटले. आणि तोच मी, 1997 च्या सुमाराला एका गावात बदलून गेलो, तर मला कुणी खोली देईना. आडनाव ऐकलं की 'पाव्हणे येणार हायत' म्हणायचे. शेवटी उपसरपंचांनी आपल्या वाड्याच्या मागची खोली दिली. भाडंही घेतलं नाही. तिथंच मी बांधला गेलो.

त्या गावात सरपंचबाई होत्या, मातंग समाजाच्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं ती खुर्ची दिलेली. मासिक सभा वाड्याच्या ओसरीत व्हायची, चार माणसांत. बाई खुरपायला गेलेल्या असायच्या. सभा झाली की मी ठरावांचं प्रोसिडिंग बुक आणि शाईचं पॅड पिशवीत टाकायचो, लुना काढायचो आणि बांधावर जायचो. त्या विळा खाली ठेवायच्या, हात पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "सायेब, कुटं लावू अंगठा?" मी जागा दाखवायचो. पाच वर्षं मी फक्त जागा दाखवली. ठरावात काय लिहिलंय ते एकदाही वाचून दाखवलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. आपला माणूस आहे, असा त्यांचा विश्वास होता. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी उपसरपंचांच्या हातात गेली, "बाईला जमत नाही" म्हणून. मी तिथंच होतो, सावधान उभा.

मग दलितवस्तीचा रस्ता वाड्याच्या गल्लीत झाला. ऑडिटवाल्यांनी पकडलं. चेकवर सही सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची असायची, त्यामुळं वसुली दोघांवर निघाली. उपसरपंचांचं नाव कुठंच नव्हतं, कारण त्यांनी कशावर सहीच केली नव्हती. बाई नोटीस घेऊन माझ्याकडं आल्या. "वाचून सांगा." मी म्हणालो, "काही नाही, ऑफिसचं पत्र आहे." त्या म्हणाल्या, "मंग तुमच्यापाशीच ठिवा." माझ्या वाट्याचे पैसे पगारातून कापले गेले. त्यांनी दोन शेळ्या आणि गळ्यातलं डोरलं विकून भरले.

मला लेकरं लहान होती. तक्रार केली असती तर बदली आणि पुन्हा खोलीसाठी दारोदार. तू शहरात वाढली असतीस तर तुला हे पटलंही नसतं, पण तू वस्तीतली आहेस, तुला बिनभाड्याच्या खोलीची किंमत कळते. कळते ना? जाऊ दे. स्वतःची वकिली करायला बसलो नव्हतो.

तू म्हणशील, काका, मी बी.ए. आहे, मला कोण अंगठा लावायला सांगतंय? अगं, आता अंगठा कुणाला पाहिजे? आता पैसे ऑनलाइन जातात, सरपंचाची डिजिटल सही लागते आणि ती पेनड्राइव्हसारख्या एवढ्याशा डोंगलमध्ये असते. ते डोंगल 'तुम्हाला कशाला तरास, ताई' म्हणत कुणाच्या तरी कपाटात जाऊन बसतं, पासवर्डसकट. आम्हाला निदान बांधापर्यंत लुना तरी न्यावी लागायची. निवडून आलीस तर डोंगल तुझ्या पर्समध्ये राहील. पासवर्ड भावालासुद्धा सांगायचा नाही. वाचल्याशिवाय सही नाही, आणि डोंगल म्हणजे सहीच.

सभेची नोटीस तू काढायची, सभा ग्रामपंचायतीच्या खोलीत घ्यायची, ओसरीत नाही. ठराव लिहून झाला की रिकाम्या जागेवर रेघ मारायची आणि मगच सही, म्हणजे खाली कुणी ओळ घुसवत नाही. ही ओळ कशी घुसवतात ते मला चांगलं माहीत आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, ते कुठं गेले ते पहिल्याच महिन्यात रोकडवही उघडून बघ. कुणी अविश्वास ठरावाची भीती घातली तर घाबरू नकोस. थेट निवडून आलेल्या सरपंचाचा शेवटचा निकाल ग्रामसभेतल्या गुप्त मतदानात लागतो.

आणि फीचं म्हणशील, तर आकडा काढ आणि हप्त्याहप्त्यानं परत कर. पाटील नको म्हणतील, तेव्हा तर नक्की कर. मला त्या खोलीचं भाडं देता आलं असतं गं. तीनशे रुपयांचा प्रश्न होता.

त्या बाई आता लेकीकडं राहतात, सेलूजवळ. मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा परभणीच्या एस.टी. स्टँडवरून परत फिरलो. नोटीस अजून माझ्या ट्रंकेत आहे, घडीवर फाटायला आलेली. रविवारी तुला सवड असेल तर सोबत चल. त्यांना ती वाचून दाखवायची आहे, आणि मी वाचायला लागलो तर मधल्या ओळी गाळीन, याची मला खात्री आहे. तू वाच.

तुझा
भाऊसाहेब काका