सर्व्हरवर अपडेट दिसतं, पीसीवर उतरत नाही

प्रश्न: आमच्या जळगावच्या डाळमिलच्या ऑफिसात सगळे अपडेट आमच्याच डब्ल्यूएसयूएस सर्व्हरवरून (मायक्रोसॉफ्टचे अपडेट आणून ऑफिसातल्या पीसींना वाटणारा सर्व्हर) जातात, पण विंडोज 11 च्या पीसीवर डाउनलोड 0 टक्क्यालाच अडकतं. नेट तर चांगलं आहे. काय करू भाऊ?
– एक वाचक

उत्तर: भाऊ, नेटचा काही संबंध नाही, हे यूयूपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अपडेट पाठवायच्या नव्या पद्धतीचं लफडं दिसतंय. मार्च 2023 पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 च्या 22एच2 व्हर्जनचे अपडेट कंपन्यांच्या स्वतःच्या सर्व्हरलाही याच पद्धतीने द्यायला सुरुवात केली, त्यात डॉट एमएसयू अन् डॉट विम फायली येतात, आणि आयआयएसला (डब्ल्यूएसयूएस ज्यावर चालतो तो मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) जो फाइल टाइप माहीत नाही ती फाइल तो देतच नाही, सरळ 404, म्हणजे 'फाइल सापडली नाही' फेकतो. आयआयएस मॅनेजर उघडा, माइम टाइप्समध्ये (कुठली फाइल कुठल्या प्रकारची, याची यादी) जा, एमएसयूला ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम अन् विमला ॲप्लिकेशन/एक्स-एमएस-विम लावा. आधीच असेल तर परत टाकू नका हां, डुप्लिकेट एंट्रीने साइटच बसते.

डिस्कही बघून घ्या, प्रत्येक विंडोज व्हर्जन अन् प्रोसेसरच्या प्रकारामागे (आर्किटेक्चर) साधारण 10 जीबी जास्तीचे लागतात, तो डाउनलोड रात्री लावा, दिवसा बिलिंगवाले बोंबलतील. एआरएम प्रोसेसरचे पीसी नसतील तर ते अपडेट अप्रूव्हच करू नका, फुकट जागा खातात.