वडिलांच्या शेजारची जागा आईसाठी राखता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांना 2011 मध्ये बडोद्यात पालिकेच्या दफनभूमीत समाधी दिली. आई आता 78 वर्षांच्या आहेत आणि त्यांना शेजारीच जागा हवी आहे. तिथले देखरेख करणारे म्हणतात, जागा राखून ठेवता येत नाही. न्यू जर्सीचे मामेभाऊ म्हणतात, इथल्यासारखे दोन प्लॉट विकत घेऊन टाका. शिवाय वडिलांच्या समाधीचा ओटा एका बाजूला कलला आहे, त्याचं काय करायचं हेही तुम्ही विचारलं आहे. आपल्या गोसावी समाजातल्या आणि पुरण्याची चाल असलेल्या इतर घरांसाठी मी पंचवीसेक वर्षं या कामात धावपळ करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामेभावांचं आधी घेऊ. पालिकेच्या जमिनीत कुणीच जागेचा मालक होत नाही. जमीन पालिकेची राहते, आणि आपल्याला मिळतो तो त्या एका देहाला तिथे माती देण्याचा हक्क. अमेरिकेतल्या शहरांच्या दफनभूमीतही बहुतेक ठिकाणी हेच असतं. पैसे भरून जो कागद मिळतो तो दफनाच्या हक्काचा असतो, सातबारा नव्हे. दगड किती उंच असावा, काय बांधावं, झाड लावावं की नाही, हे तिथे शहर ठरवतं. फरक एवढाच की तिथे हा हक्क आगाऊ घेता येतो आणि त्या रकमेतला काही भाग कायमच्या देखभालीच्या निधीत जातो. आपल्याकडे पालिकेच्या सार्वजनिक दफनभूमीत सर्वसाधारण रीत अशी की मृत्यू झाला, कागद आले, रांगेतली पुढची जागा दिली. त्यामुळे त्या माणसाने तुम्हाला उडवून लावलं असं मनात आणू नका. तो त्याच्या वहीप्रमाणे बोलला.

ही रीत मला पटते, आणि त्याला कारण आहे. दफनभूमीच्या भिंतीकडेची लहान खड्ड्यांची ओळ तुम्ही पाहिली असेल. दात न आलेल्या बाळांची ती जागा. मराठी असो, गुजराती असो, एरवी अग्नी देणारी घरंही तान्ह्या बाळाला मातीच देतात. एका पावसाळ्यात रात्री साडेनऊला एक गवंडीकाम करणारा बाप टॉवेलात गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून फाटकाशी उभा होता, सोबत फक्त त्याचा मेहुणा. त्याच्याकडे ओळख नव्हती, खिशात दीडशे रुपये होते. रांगेत जागा रिकामी होती म्हणून अर्ध्या तासात काम झालं. त्याच रांगेतल्या दहा जागा आम्ही ऐपतवाल्यांनी वीस-वीस वर्षांसाठी अडवून ठेवल्या असत्या, तर त्याला कुठे पाठवलं असतं?

आता नियम कुठून येतात ते थोडक्यात. दफनभूमी आणि स्मशान हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे, आणि 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तो 14व्या क्रमांकावर शहरांच्या कामांत घातला आहे. आपलं सेवासदन, म्हणजे बडोद्याची महानगरपालिका, 1949च्या महापालिका कायद्यावर चालतं. तो मुळात मुंबई प्रांतासाठी झालेला. 1960 मध्ये गुजरात वेगळा झाल्यावरही तोच चालू राहिला, पुढे नावात तेवढं ‘गुजरात प्रांतिक’ आलं. त्याच्या 63व्या कलमात पालिकेची जी बंधनकारक कामं आहेत, त्यांत अंत्यविधीच्या जागा सांभाळणं आणि नव्या उपलब्ध करून देणं हे येतं. म्हणजे ‘जागा संपली, तुमचं तुम्ही बघा’ असं पालिकेला म्हणता येत नाही. हा मुद्दा अर्जात जरूर लिहावा.

खड्ड्याचे तपशील मुंबईच्या 1888च्या महापालिका कायद्यात फार स्पष्ट आहेत आणि समजून घेण्यासारखे आहेत. शवाच्या वरच्या भागापासून जमिनीपर्यंत 6 फूट माती हवी. दोन कबरींत किमान 2 फूट अंतर हवं. आयुक्तांनी आखून दिलेल्या ओळीबाहेर खणायचं नाही. आणि एकदा वापरलेली कबर लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या दफनासाठी उघडायची नाही. 1949चा कायदा त्याच साच्यातला आहे. ‘वरच्या भागापासून’ हे शब्द आपल्या लोकांनी नीट वाचायला हवेत. गोसावी, नाथपंथी, लिंगायत यांच्यात देह बसवतात, आणि बसवलेल्या देहाचा वरचा भाग म्हणजे डोकं. खड्डा लांबीला कमी लागतो, पण खोलीला दोन-अडीच फूट जास्त. महानुभावांचा निक्षेप, म्हणजे दफन, कुशीवर निजवून होतो, तिथे हा प्रश्न नाही. खणणाऱ्याला ‘बसवायचं आहे’ हे पहिल्या कुदळीआधी सांगा. मी दोनदा पाहिलं आहे, देह दारात आला आणि खड्डा आडवा खणलेला. मग भर पावसात काठाची माती ढासळत असताना माणसं आत उतरवावी लागली. काळ्या मातीत ओला खड्डा जीवघेणा असतो. फळ्या आणि वासे लावून काठ धरल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका, मुलगा असला तरी.

तुमच्या ओट्याचंही मूळ त्याच मातीत आहे. बडोद्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात खणून परत भरलेली माती दोन-तीन वर्षं बसत राहते. माझी काकू 1999च्या एप्रिलमध्ये गेली. मी सव्वा महिन्यात विटांचा ओटा बांधला, वर कोटा फरशी, चारी बाजूंनी सिमेंट. वडीलधारी नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. दसऱ्याला गेलो तर एक बाजू वीतभर खाली गेली होती, पायरी मधोमध तडकलेली, आणि विटांवर पांढरा लोणा फुललेला. लोणा कशाचा, तर समाधीत घातलेल्या मिठाचा. आपण पोतंभर मीठ घालतो, ते ओलाव्याबरोबर वर चढतं, प्लास्टर फुगवतं आणि आत सळई असेल तर ती गंजवून स्लॅब फोडतं. म्हणून समाधीवर सळईचा स्लॅब कधीच घालू नये.

तुमच्या ओट्याच्या भेगांत सिमेंट ओतू नका, पुढच्या पावसाळ्यात त्या शेजारी नवीन पडतील. फरशा अलगद सोडवा, खाली मुरूम घालून पाणी मारून धुमसा, एक पावसाळा जाऊ द्या, मग कडेने फक्त उभे दगड आणि वर सैल बसवलेली फरशी. मधला भाग मातीचा ठेवून तुळस लावली तर उत्तमच. एवढ्या कामालाही लेखी परवानगी घ्या. पालिकेच्या जागेत विनापरवानगी बांधलेलं काढायला लावलं तर आपल्याकडे दाखवायला काही नसतं. नावाची पाटी असेल तर ती भिंतीसारखी उभी न करता जमिनीलगत ठेवा, म्हणजे शेजारी खणताना अडचण होत नाही आणि तिला धक्काही लागत नाही.

आता आईंच्या जागेचं. ओटा म्हणजे पुरावा असं आपल्याला वाटतं. खरा पुरावा दफनभूमीच्या वहीतली ती एक ओळ आहे: नाव, वय, तारीख, रांग, क्रमांक, आणणाऱ्याची सही. 2011ची पावती घरात असेल तर आजच शोधा. नसेल तर मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेऊन वहीतला उतारा मागा. मग एक दिवस जाऊन पक्क्या खुणेपासून, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीचा कोपरा किंवा दिव्याचा खांब, वडिलांच्या समाधीपर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर उतरवा आणि फोटो काढा. झाडावर खूण धरू नका. जुलै 2019च्या शेवटच्या दिवशी सुमारे 500 मिलिमीटर पाऊस एका दिवसात झाला, 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. अशा पुरानंतर सखल भागात झाडं, पाट्या, मातीचे उंचवटे काहीच जागेवर राहत नाही.

शेजारी खरोखर मोकळी जागा आहे का, हेही बघून घ्या. जुने खणणारे लोखंडी सळईने सांगतात. एकाला मी पाहत होतो. त्याने सळई उभी धरली आणि नुसत्या अंगाच्या भाराने दाबली. हातभर गेली आणि थांबली. ‘कोरी आहे.’ दोन पावलं सरकून पुन्हा दाबली, ती लोण्यात सुरी जावी तशी कंबरेएवढी उतरली. त्याने लगेच हात काढून घेतला, कपाळाला लावला, म्हणाला, ‘इथे कुणीतरी आहे.’ वहीत त्या जागेची नोंद नव्हती. म्हणून सळई आणि वही दोन्ही बघायची.

अर्ज आयुक्तांच्या नावे, वॉर्ड ऑफिसमधून किंवा खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत द्या. शिक्क्याची पोच घ्या. ‘जागा आरक्षित करा’ असं लिहिलंत तर नकारच येईल. लिहा की अमुक रांगेत अमुक क्रमांकाला पतीची समाधी आहे, लगतची जागा रिकामी आहे, पत्नीच्या निधनाच्या वेळी ती तोवर रिकामी असल्यास तिथेच द्यावी, आणि तशी नोंद वहीत करून ठेवावी. अशी नोंद म्हणजे हमी नव्हे. पण त्या दिवशी फाटकावर घरच्यांची घालमेल होत नाही, पोच दाखवली की विषय पुढे जातो. नाहीच मिळाली तर त्याच रांगेत जवळचा क्रमांक घ्या. समाजाचं स्वतःचं समाधिस्थळ हाही मार्ग आहे. तिथे विश्वस्त मंडळाचे नियम चालतात आणि कुटुंबाला जागा एकत्र मिळू शकते, पण मग वडील इकडे आणि आई तिकडे.

वडिलांना हलवून दोघांना एकत्र ठेवावं असा विचार तुम्ही शेवटी ओझरता लिहिला आहे. माझं मत विचाराल तर नको. लेखी परवानगीशिवाय समाधी उघडणं गुन्हा ठरू शकतं. मृत्यूच्या कारणाच्या चौकशीत दंडाधिकारी देह बाहेर काढायचा हुकूम देतात, ते वेगळं. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 176व्या कलमात होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 196व्या कलमात आहे. घरगुती कारणासाठी परवानगी मागता येते, पण काळ्या ओल्या मातीत इतक्या वर्षांनी काय अवस्थेत हाती लागेल सांगता येत नाही, आणि ते आईंना कळल्याशिवाय राहणार नाही.

कुणी तुम्हाला ‘भायलीला आपलं शेत आहे, तिथे द्या’ असं म्हणेल. पूर्वी चालून गेलं असेल. भायली, सेवासी ही गावं 2020 मध्ये शहराच्या हद्दीत आली. हद्दीत नोंदलेल्या जागेखेरीज पुरता येत नाही, मग जमीन आपल्या नावावर का असेना.

कागदांचं थोडक्यात: घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म 4अ, रुग्णालयात झाला तर फॉर्म 4, आणि ओळखपत्र. अपघात किंवा संशय असेल तर पोलिसांचे कागद आल्याशिवाय फाटकातून आत नेऊ नका. नोंदणी 21 दिवसांत. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने दफनभूमी सांभाळणाऱ्यावरही कळवण्याची जबाबदारी आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. वर्ष उलटलं की अधिकाऱ्याचा हुकूम लागतो आणि फेऱ्या वाढतात.

आईंची इच्छा मृत्युपत्रात घालू नका, तो लिफाफा बहुधा दिवसकार्य आटोपल्यावर उघडतो. साध्या कागदावर त्यांच्या सहीने लिहून घ्या: समाधी हवी, बसवून, अमुक ठिकाणी, पतीची रांग आणि क्रमांक हा. त्याची एक प्रत अर्जाच्या पोचेबरोबर, एक धाकट्या भावाकडे, कारण फोन गेल्यावर पहिला पोहोचणार तो. पावती सापडली की तिचा फोटो इथे टाका, नाव झाकून. 2011च्या वहीतले आकडे गुजरातीत असतात आणि कार्बनच्या प्रतीत काही आकडे एकमेकांसारखे दिसतात, त्यावरून अर्जात चुकीचा क्रमांक जायला नको.