केमोनंतरचा विसर आणि टॅबवरची चाचणी

“मॅडम, मला स्मृतिभ्रंश होतोय का?” पतसंस्थेत रोखपाल असलेल्या, सत्तेचाळिशीतल्या एका ताईंनी खुर्चीवर बसण्याआधीच विचारले. स्तनाच्या कर्करोगाची केमोथेरपी संपून पाच महिने झाले होते. नोटा मोजताना आकडा निसटायचा, जुन्या खातेदाराचे नाव ओठांवर येऊन अडायचे. एका दवाखान्यात ३० गुणांच्या कागदी चाचणीत २८ गुण मिळाल्यावर “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगितले गेले. मुलीने मोबाइलवर घेतलेल्या ॲपने मात्र ‘सरासरीपेक्षा कमी’ असा शेरा दिला आणि त्यांची झोप उडाली.

माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी होती. ती कागदी चाचणी, ‘मोका’ (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट), मुख्यतः उतारवयातील सौम्य बौद्धिक ऱ्हास ओळखण्यासाठी तयार झाली. तिच्यात २६ किंवा अधिक गुण सामान्य धरतात, पण दिवसभर हिशेब करणाऱ्या बाईच्या कामाचा मंदावलेला वेग तिच्यातून सहज निसटतो. आणि ॲपला त्यांचा थकवा, झोप किंवा टचस्क्रीनची सवय यांतले काहीच ठाऊक नव्हते.

आमच्या मानसतज्ज्ञांनी त्यांची टॅबवरची प्रमाणित चाचणी सकाळी, शांत खोलीत, आधी थोडा सराव देऊन घेतली. तिच्यात प्रत्येक प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत नोंदला जातो, त्यामुळे माणूस किती चुकतो याबरोबरच त्याचे लक्ष किती वेळा ढळते हेही दिसते. ताईंना थोड्या वेळापूर्वी ऐकलेले शब्द नीट आठवत होते. वेग आणि एकाग्रता मात्र कमी पडत होती. हे ऐकून त्या रडल्या, कारण आपला त्रास खरा आहे असे त्यांना प्रथमच कुणी म्हटले होते.

अशा चाचणीतून कारण कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी रक्ततपासणी केली आणि हिमोग्लोबिन कमी निघाले. त्यावर उपचार आणि झोपेची घडी बसवणे सुरू झाले. तीन महिन्यांनी वेगळी शब्दयादी वापरून चाचणी पुन्हा घेतली (तीच यादी दिली तर सरावानेच गुण वाढतात) तेव्हा वेग काहीसा सुधारला होता. केमोपूर्वीची नोंद हाती असती तर तुलना अधिक भक्कम झाली असती, ही खंत मला आहे; आता केमोच्या पहिल्या फेरीआधीच चाचणी व्हावी असा आग्रह मी धरते.

ताई कामावर रुजू आहेत. दुपारनंतरची रोख मोजणी त्यांनी सहकाऱ्याकडे सोपवली आहे.