एकाच नमुन्यात सोन्याचे दोन वेगळे आकडे का येतात?

रबाळ्याच्या लॅबमधून एकाच दगडाच्या नमुन्यात सोनं आधी ०.८ आणि नंतर २.१ पीपीएम (टनामागे ग्रॅम) आलं म्हणून लगेच मशीनवर संशय घेऊ नका. सोनं दगडात सारखं पसरलेलं नसतं, एखादा जाड कणच आकडा फिरवतो. अख्खा नमुना ७५ मायक्रॉनपर्यंत दळून ३०-३० ग्रॅमच्या तीन चाचण्या करा, त्याही फायर अ‍ॅसेनेच. यात दगडाची पूड शिशाच्या ऑक्साइडसोबत भट्टीत वितळवतात आणि सोनं शिशाच्या गोळीत जमा होतं. नुसत्या अ‍ॅक्वा रेजियात (सोनं विरघळवणारं आम्लांचं मिश्रण) गारगोटीत अडकलेलं सोनं सुटत नाही.

शिशाची गोळी २५ ते ४० ग्रॅमची हवी. लहान आली तर सोनं मळीत (वितळून वेगळ्या झालेल्या काचेसारख्या थरात) राहिलं असं समजा. सल्फाइड जास्त असेल तर गोळी फार मोठी होते. मग मिश्रणातलं शिसं सोडवणारं पीठ काढा, आणि शिसं कमी करायला सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घाला.

आपल्याकडे पावसाळ्यात क्युपेल (शिसं शोषून सोनं मागे ठेवणाऱ्या सच्छिद्र वाट्या) दमटच असतात. ओल्या क्युपेलवर शिसं तडतडून उडतं, सोबत सोनंही जातं. गोळी ठेवण्याआधी क्युपेल भट्टीत १५ मिनिटं लालभडक तापवाच.