दाराशी भोपळा असू दे, खिडकीत कंदील हवा

मूळच्या गिरगावच्या आणि आता टोरांटोजवळ मिसिसागाला स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, ‘ऑक्टोबर लागला की आमच्या रस्त्यावर दारोदार भोपळे, मक्याच्या ताटांच्या जुड्या, वाळक्या पानांची गोल तोरणं लागतात. आमचंच दार तेवढं बोडकं. मुलगा विचारतो, आई, आपण काहीच का लावत नाही? गेल्या वर्षी मुंबईहून प्लॅस्टिकचा कंदील मागवला, तो चेपून आला. यंदा सासूबाई दिवाळीला इथेच आहेत. माझ्या चकल्या तेलात विरघळतात. मुलाला भोपळा कोरू द्यावा का? रांगोळी काढायची तर सगळीकडे कार्पेट. आणि फराळ इथला विकतचा घ्यावा की तिकडून मागवावा?’

सहा चिंता एका दमात. पण बाई, या सहांतली पाच माझ्या मते किरकोळ आहेत. खरी गोष्ट तुम्ही पहिल्याच ओळींत सांगून टाकलीत आणि तिथून घाईघाईने पुढे निघून गेलात. मुलगा विचारतोय, आपण काहीच का लावत नाही. त्याला उत्तर हवंय ते शब्दांत नाही, खिडकीत हवंय. आणि तुम्ही त्यावर काय केलंत, तर कंदील मागवलात! गिरगावच्या चाळीत वाढलेल्या मुलीने? जिथे गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे कंदील लागायचे आणि ते चाळीतलीच पोरं जिन्याखाली बसून बांधायची? रागवत नाही, पण हे बरं नाही केलंत.

माझं म्हणणं वर्षानुवर्षं एकच आहे आणि ते मी परत सांगणार. परदेशात दिवाळीचं एकच काम घरी करायचं ठरवलं, तर ते कंदिलाचं करा. फराळ विकत मिळतो, साड्या मिळतात, पणत्या मिळतात. मुलाच्या हाताने बांधलेला कंदील कुठल्याच दुकानात मिळत नाही. माझी भाची लीड्सला असते. तिचा मुलगा मराठी बोलायला लाजतो, पण ‘कामट्या’ (बांबूच्या काड्या), ‘खळ’ (शिजवलेल्या पिठाचा गोंद), ‘शेपट्या’ हे शब्द त्याला चोख येतात, कारण ते त्याच्या बोटांना चिकटलेले आहेत.

तर आता कामाला लागा. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. तिच्या आधीचे दोन शनिवार राखून ठेवा.

कामट्यांसाठी बांबू शोधत बसू नका. तुमच्या वाणसामानाच्या दुकानात कबाबासाठी बांबूच्या 30 सेंटिमीटरच्या काड्या मिळतात, शंभराचं पाकीट. त्यांतल्या 24 काड्या 22 सेंटिमीटरला कापा आणि दोन्ही टोकांपासून एक-एक सेंटिमीटरवर पेन्सिलीची खूण करा. आणखी चार काड्या अख्ख्या ठेवा. सगळ्यांची अणकुचीदार टोकं आधीच छाटून टाका, मुलं हाताळणार आहेत.

24 काड्यांचे सहा चौकोन करायचे. खुणेवर खूण ठेवून कोपरे बांधले की प्रत्येक चौकोनाची बाजू बरोबर 20 सेंटिमीटर भरते. इथे पहिली अडचण येते. या काड्या गुळगुळीत असतात, त्यामुळे गाठ सरकते. सुतळी जाड पडते, क्रोशाचा सुती दोरा घ्या. कोपरा आधी छोट्या रबरबँडने धरून ठेवा, मग दोऱ्याचे फुलीसारखे चार वेढे द्या आणि गाठीवर पांढऱ्या गोंदाचा एक थेंब सोडा. पुढचं काम गोंद वाळल्यावर. घाई केलीत तर चौकोनाचा पतंग होतो.

सहांपैकी दोन चौकोन वेगळे काढा. हे वरचा आणि खालचा. त्यांना अख्ख्या काड्यांची फुली बांधा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. 20 च्या चौकोनाचा कर्ण 28 सेंटिमीटरच्या थोडा वर जातो, म्हणून 30 ची काडी त्यावर नेमकी बसते. ही फुली बरेच लोक गाळतात आणि मग कंदील पिळल्यासारखा तिरका लोंबतो. नुसत्या चौकोनात ताकद नसते, तो कोपऱ्यांत मुडपतो. फुली त्याला मुडपू देत नाही.

उरलेल्या चार चौकोनांना सांगाडा जोडण्याआधीच कागद लावायचा. आपल्याकडे आधी सांगाडा, मग कागद अशी रीत आहे, पण ती सरावलेल्या हातांसाठी. पाच-सात वर्षांच्या मुलाला टेबलावर सपाट पडलेला चौकोन सोपा जातो, आणि ताणून लावलेला कागद फुलीचंही काम करतो, चौकोन काटकोनात राहतो.

पतंगी कागद तिकडे मिळत नाही ही तक्रार मला नेहमी येते. भेटवस्तूंच्या पिशवीत खोचतात तो पातळ टिश्यूचा कागद चालतो. जर्मनीतल्या वाचकांना तर काहीच अडचण नाही. 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी तिथली मुलं कागदी कंदील घेऊन मिरवणुकीने निघतात, त्यामुळे ऑक्टोबरात तिथल्या दुकानांत रंगीत पारदर्शक कागद येतो. टिश्यू मात्र आधी तपासून घ्या. एक तुकडा ओला करून पांढऱ्या कागदावर दाबा. रंग उतरला, तर त्या कागदाला खळ अगदी घट्ट लागेल, नाहीतर लाल रंग पिवळ्यात पसरतो आणि कंदील डागाळतो.

खळीला दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात आधी मोडून घ्या, एकही गुठळी नको. मग त्यात एक वाटी उकळतं पाणी ओतत ढवळा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं शिजवा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की झाली. कोरडा मैदा गरम पाण्यात टाकलात तर गुठळ्या होणारच, कारण पीठ बाहेरून शिजतं आणि आत कोरडं राहतं. पूर्वी खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. तो विषारी आहे, मुलांच्या हातात द्यायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवली तर खळ तीन-चार दिवस टिकते.

कागद 23 सेंटिमीटर चौरस कापा. खळ कागदाला नाही, काडीला लावा. कागदाला लावलीत की तो भिजून फुगतो आणि वाळताना सुरकुततो. चौकोन कागदावर ठेवून चारही कडा आत दुमडा, कोपऱ्यांना कातरीने छोटी खाच द्या म्हणजे तिथे गोळा होत नाही.

आता तुमच्या रस्त्यावरची पानं. मेपलची लाल पानं मुलाला वेचून आणायला सांगा, पण नुकती पडलेली, अजून लवचीक असलेली. कुरकुरीत झालेलं पान हातात घेताच चुरतं. वर्तमानपत्रात ठेवून वर जाड पुस्तकांचं वजन द्या, कागद रोज बदला, पाच-सहा दिवसांत ती सपाट वाळतात. ओलसर पान लावलंत तर कागदावर डाग पडतो आणि बुरशी धरते. वाळलेलं पान चौकोनाच्या आतल्या बाजूने खळीच्या पातळ हाताने चिकटवायचं. दिवसा ते फारसं कळत नाही, दिवा लागला की त्याचा आकार उमटतो. काहीजण पानं मेणात बुडवून टिकवतात, ती इथे नकोत, मेणावर खळ बसत नाही. शेजाऱ्यांच्या दाराशी जी पानं आहेत तीच तुमच्या कंदिलात दिसू द्या. तुमचा मुलगा त्याच रस्त्यावर वाढतोय.

जोडणी सोपी आहे, दोन माणसं हवीत. कागद लावलेले चारही चौकोन टोकावर उभे धरा, शंकरपाळ्यासारखे, आणि शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधून गोल कडं करा. फुलीचा एक चौकोन वर ठेवून त्याचे चार कोपरे कड्याच्या वरच्या चार टोकांना बांधा, दुसरा तसाच खाली. मध्ये वर चार आणि खाली चार असे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही. त्रिकोणांसाठी 22 सेंटिमीटर बाजूचे कागद दुसऱ्या रंगात कापा आणि बाहेरून चिकटवा. बाहेर आलेली काड्यांची टोकं आत्ता छाटा, आधी नाही. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहू द्या, हवा खेळायला हवी.

कोपऱ्यांना कागदी करंज्या लावायच्या तर दहा सेंटिमीटर व्यासाचे गोल कापून मधोमध दुमडा आणि दुमडीवर खळ लावून बसवा. शेपट्यांसाठी कागदाची 45 सेंटिमीटर लांब घडी घ्या, वरचे चार सेंटिमीटर सोडून खाली दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कातरा आणि खालच्या चौकोनाच्या कडांना गुंडाळून चिकटवा. हे काम सासूबाईंना द्या. आमच्या सासूबाई पहिल्यांदा परदेशी आल्या तेव्हा सारखं ‘मी काय करू’ विचारायच्या. शेपट्यांची कातरी हातात आली आणि प्रश्न मिटला. शिवाय कातरताना त्या नातवाला त्यांच्या वाडीतला कंदील कसा असायचा ते सांगतात, जे तुम्हीही कधी ऐकलेलं नसतं.

दिवा एलईडीचाच, पाच ते सात वॅट, पिवळसर उजेडाचा. वरच्या फुलीच्या चार खणांपैकी कुठल्याही खणातून तो आत जातो. होल्डरची वायर फुलीच्या मध्याला बांधा म्हणजे चहूकडे दहा सेंटिमीटर तरी अंतर राहतं. मुंबईहून माळा आणि दिवे घेऊन जाणाऱ्यांनो, कॅनडा-अमेरिकेत विजेचा दाब 120 व्होल्ट आहे आणि आपला 230, शिवाय आपले पिनचे दिवे तिथल्या आट्याच्या होल्डरमध्ये बसत नाहीत. तिथलीच वायर, तिथलाच दिवा. इंग्लंडात दाब आपल्यासारखाच आहे, तिथे नुसता प्लग बदलावा लागतो. आत मेणबत्ती किंवा पणती कोणीही ठेवायची नाही, लाकडी घरात तर नाहीच नाही.

आणि हा कंदील बाहेर टांगू नका. दादर-माहीमला दिवाळीत पाऊस क्वचित येतो, तुमच्याकडे त्याच सुमाराला पाऊस, वारा आणि कधी पहिला बर्फही. खळीने चिकटवलेला कागद एका पावसात सुटतो. रस्त्यावरच्या खिडकीत, काचेच्या आत लावा. हीटरची जाळी खिडकीखाली असेल तर थोडा बाजूला घ्या, कोरड्या गरम हवेत कागद कडक होऊन तडकतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं मागे जातात आणि पाचलाच अंधार पडू लागतो. मुलगा शाळेतून आला की दिवा लावायचं काम त्याचं.

माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी जाल तर या जातीचे कंदील अजून डोक्यावर लटकताना दिसतील. पुढच्या भेटीत मुलाला तिथे न्या. ज्याने स्वतः एक बांधलाय, तो विकणाऱ्याला गाठ कशी मारता म्हणून विचारेल.

आता बाकीचं. भोपळा? कोरू द्या की! 31 ऑक्टोबरला सगळी मुलं कोरतात, त्याला एकट्याला घरात बसवून कोणता संस्कार होणार आहे? फक्त कोरायच्या त्या मोठ्या भोपळ्याचा गर खाण्यात घेऊ नका, तो पाणचट असतो. घारग्यांना छोटा गोड भोपळा किंवा बटरनट घ्या. दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ, चमचाभर तूप घालून मऊ शिजवा, गार झाल्यावर वेलची, मीठ, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नको. पीठ सैल राहिलं तर घारगे तेल पितात.

चकल्या विरघळतात म्हणजे मोहन जास्त पडतंय. दोन वाट्या भाजणीला दोन मोठे चमचे तेल पुरे, आणि वाटीला पाऊण ते एक वाटी पाणी उकळून उकड काढा. पाडताना तुटली तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बाहेरून लाल आणि आतून मऊ होत असेल तर तेल फार तापलंय. बुडबुडे ओसरले की बाहेर काढा.

रांगोळी काळ्या रंगाने रंगवलेल्या पुठ्ठ्यावर काढा आणि तो पुठ्ठा दाराच्या आत ठेवा. फराळ इथला घ्या की तिकडला, जो ताजा असेल तो. लाडू-चिवड्याच्या पार्सलवर तुम्ही जेवढा जीव टाकता, त्याच्या निम्मा कंदिलावर टाका. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो उतरवू नका.